तेलाची संगत

घरात कोणाला ग्लूटेन चालत नाही हे कळलं की सुरुवातीला माणूस प्रत्येक डब्याकडे संशयाने बघायला लागतो. मीठाचं पाकीट वाचतो, साखरेचं वाचतो, उगाच. लेकीचे रिपोर्ट आले, सिलिअ‍ॅक निघाला, म्हणजे ग्लूटेन खाल्लं की आतड्याला इजा होते तो आजार, तेव्हा मीही सगळी कपाटं उपसली आणि त्या सगळ्या पसाऱ्यात माझा सगळ्यात जास्त वेळ तेलाने खाल्ला. बाकीच्या गोष्टींचं कसं एक घाव दोन तुकडे असतं, मैद्यात गहू आहे, मैदा बाहेर, बिस्किटात मैदा आहे, बिस्किट बाहेर, विषय संपला. तेलाचं तसं नाही. ते सगळ्यातच पडतं, रोज पडतं, आणि बाटलीवर लिहिलेलं असतं काय तर रिफाइंड सूर्यफूल तेल, त्यापुढे अँटिऑक्सिडंटचा एखादा नंबर, व्हिटॅमिन ए आणि डी, बास. ह्यातून माणसाने काय समजायचं? आणि विचारायचं तरी कोणाला, डॉक्टर म्हणतात गहू, बार्ली, राय (मोहरी नव्हे, गव्हासारखंच एक धान्य) बंद, आणि पुढच्या पेशंटला आत बोलावतात.

मग वाचत बसले. हळूहळू लक्षात आलं की मूळ गोष्ट तशी सोपी आहे. ग्लूटेन हे प्रोटीन आहे. गव्हातलं ग्लायडिन आणि ग्लूटेनिन, बार्लीतलं हॉर्डिन, रायमधलं सिकॅलिन, ही सगळी प्रोटीन्सच. आणि तेल म्हणजे फॅट, त्यात प्रोटीन विरघळत नाही. शिवाय तेल निघतं कशातून ते बघा, शेंगदाणा, सूर्यफूल, करडई, तीळ, मोहरी, सोयाबीन, खोबरं, ऑलिव्ह, सरकी, पाम. ह्यात गव्हाचा संबंधच येत नाही. मका आणि तांदूळ ही खरं तर गव्हासारखीच गवतवर्गातली धान्यं, म्हणून मी कॉर्न ऑइल आणि राइस ब्रान ऑइलवर बरेच दिवस डोळे वटारून होते, पण त्यांची प्रोटीन्स वेगळी, सिलिअ‍ॅकवाल्यांना त्यांनी तो त्रास होत नाही. म्हणजे साधं, एकाच बियाचं, काही न मिसळलेलं सीलबंद तेल घेतलंत तर कुठलंही चालतं. ब्रँड शोधत फिरायचं कारण नाही.

रिफाइंड की कच्च्या घाणीचं हा वाद बऱ्याच जणांच्या डोक्यात असतो. रिफायनिंगमध्ये आधी पाण्याने किंवा अ‍ॅसिडने चिकट भाग काढतात, मग अल्कलीने फ्री फॅटी अ‍ॅसिड काढतात, मग ब्लीचिंगची माती वापरून रंग काढतात, आणि शेवटी व्हॅक्यूममध्ये दोनशे अंशांच्या वर तापवून वाफेने वास घालवतात. एवढ्या सगळ्यातून गेल्यावर बियाचं स्वतःचं प्रोटीनसुद्धा नावापुरतंच उरतं. घाणीच्या तेलात ते थोडं जास्त राहतं, म्हणून शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या माणसाला घाणीचं शेंगदाणा तेल धोक्याचं. पण ते प्रोटीन शेंगदाण्याचं, गव्हाचं नाही, त्यामुळे ग्लूटेनच्या हिशोबात दोन्ही तेलं सारखीच. दोन वेगळ्या दुखण्यांचे नियम लोक एकत्र कालवतात आणि मग घरात कुठलंच तेल शिल्लक राहत नाही.

घाणीच्या तेलात विचारायचा प्रश्न वेगळाच आहे, त्या घाण्याच्या शेजारी पिठाची गिरणी आहे का? एकाच छपराखाली दळण आणि तेल दोन्ही चालत असेल तर पिठाची धूळ हवेत कितीतरी वेळ तरंगते आणि उघड्या भांड्यात सावकाश बसते. मी तरी अशा ठिकाणचं सुटं तेल घेत नाही. तेल वाईट असतं म्हणून नाही, ते भरताना आजूबाजूला काय उडत होतं हे मला दिसत नाही म्हणून.

ह्या सगळ्याला एक खरा अपवाद आहे, व्हीट जर्म ऑइल, म्हणजे गव्हाच्या अंकुराचं तेल. हे थेट गव्हातूनच काढतात, व्हिटॅमिन ईसाठी त्याचं फार कौतुक असतं, आणि शुद्ध तेलात ग्लूटेन नसावं असं कागदावर म्हणता येत असलं तरी अंकुर वेगळा काढताना त्याला बाकीच्या दाण्याचे कण चिकटून येतात आणि तेलात अंश राहू शकतो. तपासून ग्लूटेन-फ्री म्हणून विकलेलं नसेल तर ते घरात नको. गंमत अशी की हे तेल स्वयंपाकघरातून क्वचितच येतं. ते येतं बाथरूममधून. केसांचं तेल, क्रीम, व्हिटॅमिनच्या कॅप्सूल, लिप बाम. बाटलीच्या मागच्या मुंगीएवढ्या अक्षरांत ते ट्रिटिकम वल्गेर ह्या नावाने बसलेलं असतं, त्यामुळे गहू शोधणाऱ्याच्या नजरेतून सहज निसटतं. त्वचेतून ग्लूटेन आत जाऊन आतड्याला त्रास होत नाही, त्यामुळे केसांच्या तेलाची धास्ती नको. पण लिप बाम पोटातच जातो ना शेवटी, आणि क्रीम लावलेल्या हाताने आपण सफरचंद खातोच. लेकीच्या दप्तराच्या पुढच्या कप्प्यात असली एक नळी सापडली, मैत्रिणीने वाढदिवसाला दिलेली, स्ट्रॉबेरीच्या वासाची. आम्ही इकडे तेलाच्या बाटल्या उन्हात धरून वाचतोय आणि ही तिकडे दिवसभर ओठांवर फिरतेय.

लेबलचं बाकी फार लांबण लावत नाही. साध्या तेलात जे नंबर असतात ते बहुतेक तेल खवट होऊ नये किंवा फेस येऊ नये म्हणून, त्यात गव्हाचं काही नसतं. लेसिथिन दिसलं तर ते सहसा सोयाचं किंवा सूर्यफुलाचं असतं. थांबून वाचायचं ते तेलात आणखी काही मिसळलेलं असेल तेव्हा. बेकिंगच्या टिनला मारायचे स्प्रे मिळतात, त्यातल्या काहींत केक चिकटू नये म्हणून चक्क गव्हाचं पीठ घातलेलं असतं, आणि साधा कुकिंग स्प्रे आणि हा शेल्फवर शेजारी शेजारी, दिसायला जुळे भाऊ. तयार चिली ऑइलमध्ये सोया सॉस असू शकतो आणि नेहमीचा सोया सॉस गव्हाशिवाय होत नाही. सॅलड ड्रेसिंगमध्ये माल्ट व्हिनेगर असेल तर ते बार्लीचं. थोडक्यात काय, घटकांच्या यादीत तेल सोडून दुसरं नाव दिसलं की पूर्ण यादी वाचायची, नुसतं तेलच असेल तर पुढे चालायचं.

आणि ती ग्लूटेन-फ्री लिहिलेली तेलं? त्या शब्दाला अर्थ आहे, नाही असं नाही. कोडेक्स अ‍ॅलिमेंटेरियस ह्या आंतरराष्ट्रीय अन्ननियमांच्या संचातलं ग्लूटेन-फ्रीचं स्टँडर्ड १९७९ पासून आहे, २००८ साली त्यात सुधारणा होऊन किलोमागे २० मिलिग्रॅमची, म्हणजे २० पीपीएमची मर्यादा आली, आणि बऱ्याच देशांचे नियम त्याच आकड्यावर आहेत. पण साध्या सूर्यफूल तेलावर तो शिक्का मारून कंपनी आपल्याला नवीन काय सांगते? ते तेल शिक्क्याशिवायही तसंच असतं. निवडायला दोन्ही समोर असतील आणि भावात फरक नसेल तर घ्या खुशाल. जास्त पैसे देऊन घेत असाल तर तेच पैसे वेगळ्या कढईत घाला, उपयोग होईल.

कढईवरून आठवलं, खरं प्रकरण तिथेच आहे.

आमच्या सासूबाई स्वयंपाकाच्या बाबतीत कडक आणि काटकसरीच्याही. तळणाचं तेल गार झालं की गाळून वेगळ्या भांड्यात, आणि मग ते दोनतीन दिवस पुरवायचं. त्यांच्या हातून थेंब वाया जात नाही. मी म्हणलं, आई, हे तेल आता हिला नाही चालायचं. त्या म्हणाल्या, "अगं पण तेल तेच आहे ना, तूच तर म्हणालीस सूर्यफुलाचं चालतं." चालतं, खरंय. बरं, त्यांना प्रोटीन आणि फॅट समजावण्यात अर्थ नव्हता, म्हणून आदल्या दिवशीच्या तेलाचं भांडं मी खिडकीशी नेलं आणि तिरकं केलं. वरचं तेल स्वच्छ, मधासारखा रंग. तळाशी मात्र तपकिरी गाळ, अगदी मऊ, भांडं कलवलं की एका अंगाला हळूच सरकणारा. बोटावर घेतला तर रवाळ नाही, पिठूळ लागला. आदल्या दिवशी मैद्याच्या घोळात बुडवून जे काय तळलं होतं त्याचा तो गाळ. सासूबाईंनी चष्मा लावून बघितला, बोटावर चोळून बघितला, आणि म्हणाल्या, "गाळणीतून एवढं येतं होय."

येतं. पिठाचे बारीक कण नेहमीच्या गाळणीतून आरामात जातात. आणि ते किती असले म्हणजे जास्त, हे आकड्यात बघितल्यावर माझी झोप उडाली होती. गव्हाच्या एक ग्रॅम पिठात साधारण ८० ते १०० मिलिग्रॅम ग्लूटेन असतं. २००७ साली इटलीत झालेल्या एका चाचणीत सिलिअ‍ॅक असलेल्या मोठ्या माणसांना तीन महिने रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन दिलं तर आतड्याच्या अस्तरात फरक दिसला. म्हणून रोजचं एकूण १० मिलिग्रॅमच्या खाली ठेवा असं सर्वसाधारणपणे सांगतात. म्हणजे दिवसभराची सगळी मर्यादा एका ग्रॅमच्या दहाव्या भागाएवढ्या पिठात संपली. टेबलावर सांडलं तर आपण फडक्याने पुसूसुद्धा नाही एवढं ते पीठ. त्या भांड्याच्या तळाशी त्याहून कितीतरी जास्त होतं.

इथे हमखास एक युक्तिवाद येतो, की एवढ्या उकळत्या तेलात काय शिल्लक राहणार, सगळं जळून जातं. जंतूंच्या बाबतीत ठीक आहे. ग्लूटेन जिवंत नाही, त्यामुळे मरत पण नाही. तळणाच्या तापमानाला त्याचा आकार बदलतो, रंग बदलतो, पण शरीराला जे तुकडे ओळखता येतात आणि ज्यांच्यामुळे सगळं बिनसतं ते तसेच राहतात. नाहीतर भट्टीत भाजलेला पाव सिलिअ‍ॅकवाल्यांना चालला असता की. अमेरिकेत २०२१ मध्ये ह्यावर एक छोटी पाहणी प्रसिद्ध झाली, दहा रेस्टॉरंटमधून फ्रेंच फ्राइजच्या वीस ऑर्डर्स घेतल्या, सगळ्या अशा ठिकाणच्या जिथे त्याच तेलात गव्हाचे पदार्थही तळतात. फ्राइज म्हणजे नुसता बटाटा, त्यात गहू नाहीच. तरी नऊ ऑर्डर्समध्ये ग्लूटेन सापडलं, आणि पाच तर २० पीपीएमच्या मर्यादेत बसल्या नाहीत. नमुना लहान आहे मान्य, पण ह्यात मला जास्त त्रास देतो तो दुसरा अर्धा भाग, की अकरा ऑर्डर्समध्ये काहीच सापडलं नाही. म्हणजे परवा खाल्लं आणि काही झालं नाही ह्याला पुरावा म्हणून काडीची किंमत नाही. परवा नशीब होतं.

घरी तपासायच्या पट्ट्या मिळतात, त्यांचं पण हेच. तेलात ग्लूटेन मिठाच्या पाण्यासारखं सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं, कण असतात, ते बुडतात, ढवळलं की वर येतात. वरून चमचाभर घेऊन पट्टी कोरी आली म्हणून तळाबद्दल काही कळत नाही.

तर आमच्याकडे आता तळणाचं तेल एकदा कढईत पडलं की ते कोणाचं ते ठरलेलं असतं. लेकीचं आधी तळायचं, ताज्या तेलात, तिच्या कढईत, तिच्या झाऱ्याने. उरलेलं तेल मग बाकीच्यांना वापरता येतं, उलटा प्रवास बंद. सासूबाईंना हे पटलं कारण ह्यात तेल वाया जात नाही, नुसता क्रम बदलतो. मला वाटतं माझ्या सगळ्या वाचनापेक्षा हा क्रमच आमच्या घरात जास्त टिकला.

रोजच्या तेलाच्या बाटलीचं मात्र कोणाच्या लक्षातच येत नाही. कणीक मळताना शेवटी तेलाचा हात लावायचा असतो, हात पिठाने भरलेला, त्याच हाताने बाटली उचलली, टोपण फिरवलं, टोपणाच्या आट्यांत पीठ गेलं. आमच्या जुन्या बाटलीचं टोपण मी एकदा नखाने खरवडलं तर आतल्या कडेला तेल आणि पीठ मिळून राखाडी मेणासारखा थर जमलेला. आणि हे तेल दुकानातून आणलेलं, सीलबंद, सगळ्या परीक्षा पास! आता कणकेसाठी छोटी वेगळी वाटी आहे, त्यात आधीच तेल काढून ठेवायचं आणि उरलं तर परत बाटलीत ओतायचं नाही. तव्याला तेल लावायचा ब्रश वेगळा, कारण ब्रशच्या केसांतून काय निघतं आणि काय राहतं हे देवच जाणे. लाकडी उलथनं आणि वर्षानुवर्षं तेल पिऊन काळा झालेला लोखंडी तवा ह्यांच्या बाबतीत मी वाद घालत नाही, तिचे वेगळे घेतले. स्टीलचं भांडं नीट घासलं की स्टीलचं भांडं, त्याच्यात गुंतू नये. सगळं घर दोन-दोन करायची गरज नसते, भेगा, खाचा आणि केस असलेल्या वस्तू फक्त.

एक गोष्ट सांगायची राहिली, सुरुवातीच्या महिन्यांत लेकीला तेलकट खाल्लं की त्रास व्हायचाच. तेल चोख, भांडी वेगळी, तरी पोट फुगायचं, शौचाला चिकट व्हायचं, आणि मी परत बाटल्या वाचायला बसायचे. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले तेलात काही नाही, आतड्यात आहे. लहान आतड्याच्या आतल्या बोटांसारख्या विलाय झिजलेल्या असतात, त्या भरून यायला महिने लागतात, काहींना वर्षंही, तोवर फॅट नीट शोषलं जात नाही. त्याच्याबरोबर ए, डी, ई, के ही व्हिटॅमिन्स पण नीट जात नाहीत, म्हणून डीची तपासणी करतात. म्हणून तेल तोडायचं नव्हतं, थोडं थोडं देत वाट बघायची होती.

ह्या आजाराच्या इतिहासात पण तेलतुपाचा असाच चक्रावणारा भाग आहे. १९२४ मध्ये न्यूयॉर्कचे सिडनी हास मुलांना केळ्यांवर ठेवत होते आणि मुलं सुधारत होती, पण कशामुळे ते नेमकं कळत नव्हतं. नेदरलँड्सच्या विलेम डिके ह्या मुलांच्या डॉक्टरांना गव्हाचा संशय १९३० च्या दशकापासून होता, युद्धाच्या शेवटी १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिकडे खायची मारामार झाली, पाव मिळेना, त्या काळातल्या अनुभवाने तो आणखी पक्का झाला आणि १९५० साली त्यांनी प्रबंध लिहिला. पण संशय सिद्ध कसा करायचा? तर मुलांच्या शौचातलं फॅट मोजून. व्हॅन डे कामर नावाच्या सहकाऱ्याने ते मोजायची पद्धत बसवली होती. गहू दिला की फॅट बाहेर पडण्याचं प्रमाण वाढायचं, गहू बंद केला की उतरायचं. म्हणजे दिसत होतं फॅट, करत होता गहू. लेकीच्या पोटाच्या तक्रारी लिहायची वही होती माझी, त्यात मी "तेलकट खाल्लं, त्रास" असं लिहायचे, ते वाचल्यापासून त्याच्यापुढे "आणि काय?" असा एक रकाना वाढवला.

बाहेर खायला गेलं की अजून फजिती होते. मी विचारते, तळण कशात करता? काउंटरवरचा माणूस छाती फुगवून सांगतो, मॅडम आम्ही एकदम चांगलं तेल वापरतो, रोज बदलतो. त्याचं उत्तर खरं असतं आणि माझ्या काही कामाचं नसतं. मला विचारायचं असतं की ह्याच तेलात आज आणखी काय काय तळलं. पण हा प्रश्न विचारला की समोरच्याला वाटतं आपण त्याच्यावर आरोप करतोय, भेसळ पकडायला आलोय, आणि त्याचा चेहरा उतरतो. तेलाचं नाव विचारणं सोपं असतं, कोणी दुखावत नाही. आमचे हे तर अशा वेळी मोबाईल काढून लांब उभे राहतात. लेक पण आधी बाही ओढायची, आई पुरे ना.

आता विचारायचं काम तिनेच घेतलंय, आणि माझ्यापेक्षा बरं विचारते. ती आरोग्याचं भाषण देत नाही. सरळ म्हणते, काका, मला गहू चालत नाही, ह्याच कढईत गव्हाचं काही तळलं का? मागे एका ठिकाणी आचारी स्वतः बाहेर आला, चांगला माणूस होता, म्हणाला बेटा तुझ्यासाठी वेगळी कढई लावतो, नवीन तेल ओततो. मी खूश. हिने विचारलं, "आणि झारा?" तो जरा थांबला, म्हणाला, झारा एकच आहे गं. मग हिने भाजलेलं कणीस मागवलं, आणि त्यावर बटर लावायला त्याने ब्रश उचलला तेव्हा नुसतं मीठ चालेल म्हणाली.